टिकलीवाली सदाफुली

तिच्या मिसळणाच्या डब्यात मोहरी नव्हती. हे मला कळलं तेव्हा कढईतलं तेल धुरावायला लागलं होतं.

आम्ही ठाण्याच्या कोपरीत नुकतेच राहायला आलो होतो. खालच्या मजल्यावर घरमालकीण. तिचा हात भाजलाय असं कानावर आलं म्हणून मी तिची भाजी फोडणीला टाकायला गेले. डबा उघडला. सातही वाट्या भरलेल्या होत्या, पण लोखंडानं. बोटाच्या पेराएवढे तुकडे, एका टोकाला सहा कडा, दुसऱ्या टोकाला तऱ्हेतऱ्हेचे आकार. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीत बसवायची बिटं होती ती. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते, त्यामुळे बिट मला ओळखू येतं. हळदीच्या वाटीत मात्र ते मी प्रथमच बघत होते.

"मोहरी कुठाय?" मी ओरडले.

"बिस्कुटाचे डब्यात!" बाहेरून आवाज आला. "आनि त्या डब्यात हात नको घालू गो. मीनी लावून ठेवलाय."

तिला सगळी कोपरी आत्या म्हणायची. भावाच्या घरात राहणारी बहीण, भाच्यांची आत्या, म्हणून आधी वाड्यातल्या मुलांची आणि मग सगळ्यांचीच. घर मात्र भावाचं नव्हतं. ते तिच्या आईनं तिच्या नावावर केलेलं होतं, आणि भाऊच तिच्याकडे राहायचा. हे लोकांना सांगायचा तिला कधी उत्साह नव्हता. भाडं घ्यायला मात्र तीच यायची.

पहिल्या आठवड्यात मी तिला "आत्या, तुम्ही" म्हणाले तर तिनं मागे वळून बघितलं.

"तुमी कोन? मी एकटीच हाय."

तेव्हापासून तू. ते लोक मूळचे इथले, आगरी. तिच्या तोंडी ड चा बहुधा र व्हायचा, ळ चा ल व्हायचा आणि बोलणं नेहमी भांडल्यासारखं. आम्ही साताऱ्याकडचे, आम्हाला वाटायचं आपणच मोठ्यानं बोलतो.

नवीन वस्तू घरात आली की आधी उघडायची, मग वापरायची, हा तिचा नियम. मिक्सर, इस्त्री, टीव्हीचा रिमोट, भाजीचा इलेक्ट्रॉनिक काटा. दुकानातून आणलेली वस्तू जेवणाच्या स्टीलच्या ताटाशेजारी ठेवायची. मग एकेक स्क्रू काढायचा आणि ताटात वाढायचा. वाढायचाच म्हणते, कारण त्याला पंगतीचा क्रम होता. डावीकडचे स्क्रू ताटात डावीकडे, मीठ-लिंबाच्या जागी. उजवीकडचे उजवीकडे, भाजी-आमटीच्या जागी. मधले भाताच्या जागी. परत लावताना त्याच क्रमानं उचलायचे. सगळं लावून झाल्यावर ताट रिकामं पाहिजे.

"ताटात काय उरला तं पाप," ती म्हणायची. "अन्न असू दे नायतर स्क्रू."

मी तिला एकदा वॉरंटीबद्दल सांगून बघितलं. उघडलेल्या वस्तूची कंपनी जबाबदारी घेत नाही, वगैरे.

"वारंटी म्हंजे त्यांचा त्यांचेवर विश्वास," ती म्हणाली. "माझा माझेवर हाय."

हा विश्वास प्रत्येक वेळी खरा ठरायचा असं नाही. शेजारच्या बाईंची मंत्र म्हणणारी दारावरची घंटा बंद पडली होती. आत्यानं ती उघडली, पुसली, लावली. ताट रिकामं. घंटा सुरू झाली आणि थांबेचना. बटण दाबलं तरी मंत्र, सोडलं तरी मंत्र. शेजारीण रडकुंडीला आली.

"आत्या, बंद कर ना गं ती!"

"देवाचा नाव हाय. चालू दे."

बॅटरी संपेपर्यंत चालू राहिली. आत्यानं त्यानंतर त्या घराकडे कित्येक दिवस बघितलंही नाही, आणि विषय निघाला की म्हणायची, "चायनाचा देव."

तिला खरा रस वस्तूत नव्हता, स्क्रूत होता. आणि त्यातही साध्या स्क्रूत नाही. आडवी खाच, अधिकाचं चिन्ह, हे ती "बालवारी" म्हणून सोडून द्यायची. कोणी उघडू नये म्हणून मुद्दाम विचित्र डोक्याचे जे स्क्रू बनवतात, कंपन्या ज्याला सिक्युरिटी स्क्रू म्हणतात, त्यांनी तिला चेव यायचा. त्यांना तिनं स्वतःची नावं ठेवली होती. दोन भोकांचा असेल ते डुकराचं नाक. तीन पात्यांचा तो पंखा. सहा टोकांचा तारा ती चांदणी. आणि चांदणीच्या मधोमध एक बारीक खुंटी असते, साधं बिट आत जाऊ नये म्हणून, ती टिकलीवाली. टिकलीवालीला बिट पण तसंच लागतं, मधे भोक असलेलं. आमच्या कारखान्यात या सगळ्यांना नंबर आहेत. मी इतकी वर्षं नंबर लिहिते आणि मनात म्हणते, टिकलीवाली, मधली साइज.

माप घ्यायची तिची पद्धत मी दुसरीकडे कुठेही बघितली नाही. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, भाकरीला काढतात तशी, जरा घट्ट. स्क्रूच्या खाचेत तेलाचं बोट फिरवायचं. उकडीची गोळी अंगठ्यानं आत दाबायची आणि सरळ ओढून काढायची. बाहेर येतो तो हुबेहूब बिटाच्या टोकाचा आकार. खुंटी असली तर त्या जागी भोक. तो ठसा ओल्या फडक्यात, फडकं डब्यात, आणि डबा घेऊन ठाण्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात. वाळला की आकसतो, म्हणून गप्पा मारत जायचं नाही, तडक जायचं.

माझ्या नवऱ्यानं हे बघितलं आणि एकदा मी कामावर असताना आमच्या पाण्याच्या फिल्टरच्या झाकणाचं माप त्यानं स्वतः घेतलं. आमच्याकडे कणीक मळलेली होती. गव्हाची. त्यानं ठसा काढला, मोठ्या तोऱ्यात स्टेशनजवळून बिट आणलं, आणि ते खाचेत खुळखुळायला लागलं. मी घरी आले तेव्हा तो फिल्टरपुढे मांडी घालून बसला होता आणि आत्या दारात उभी राहून हसत होती.

"गव्हाची घेतली क रं?"

"पीठ ते पीठ," नवरा म्हणाला.

"गहू उसलतो. दाबला क परत वर येतो. तांदूल गप बसतो. म्हनून आमी भाकरी खातो आनि तुमी चपाती खाऊन चुकता."

गव्हाच्या पिठाला ताण असतो, तांदळाच्या पिठाला नसतो, हे कारण मी नंतर त्याला नीट समजावलं. त्याला तिचंच कारण लक्षात राहिलं. आजही चपाती नीट फुगली नाही तर तो म्हणतो, गहू उसळला.

आमच्या खोलीच्या खिडकीला आधीच्या भाडेकरूनं जाळीची चौकट ठोकली होती. जाळी फाटली, चौकट काढायची होती, आणि स्क्रू बसवताना फिरतात पण काढताना बिट घसरतं अशा जातीचे होते. मी आत्याला बोलावलं. तिनं बघितलं आणि उकडीचं नावच काढलं नाही.

"ही सासरवाशीन," ती म्हणाली. "जाते, येत नाय. हिला बिट नसतं."

"मग?"

"मंग काय? खाच आपनच पारायची."

करवतीचं पातं घेऊन ती त्या स्क्रूच्या डोक्यावर खाच पाडायला बसली. मी टॉर्च धरला. पातं मागेपुढे होत होतं आणि त्या तालावर तिनं मला तिची गोष्ट सांगितली, तेवढी एकदाच. लग्न उरणकडे झालं होतं. ते घर बरं नव्हतं. कसं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एक दिवस ती चालत, होडीनं, पुन्हा चालत कोपरीला परत आली. बापानं तिला अंगणात बघितलं आणि आतून कडी लावली. तिची आई मिठागरातून परत आली ती संध्याकाळी, पाय मिठानं पांढरे झालेले. मुलगी ओटीवर बसलेली.

"काय म्हनली माहीत हाय?" आत्या म्हणाली. "रडली नाय, कवटाललं नाय. म्हनली, बंद हाय म्हंजे कोनीतरी केलाय. कोनीतरी केलाय म्हंजे कोनीतरी उघरनार. आनि मागल्या दारानं आत गेली आनि पुढली कडी काढली."

स्क्रूवर खाच पडली होती. तिनं चपटं बिट लावलं आणि फिरवलं. आला.

"बापूस मंग आयुष्यभर बोलला नाय माझेशी. पन कडी पन परत लावली नाय. आयनं लावू दिली नाय."

ती आई म्हणजे नागूबाय. मिठागरात मीठ ओढायची, पुढे चार जमिनीचे तुकडे सांभाळले, घर बांधलं आणि ते मुलीच्या नावावर केलं. हे सांगायचं कारण पुढे येतं.

घर जुनं झालं, पाडून इमारत बांधायचं ठरलं. बिल्डरशी बोलणी भाच्यांनी केली, पण जागा आत्याची, त्यामुळे तिच्या दोन अटी होत्या. एक, जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत घर. त्या अटीमुळे मी आज कोपरीत माझ्या स्वतःच्या घरात बसून हे लिहिते आहे. दुसरी, इमारतीला तिच्या आईचं नाव.

पहिली अट बिल्डरनं पाळली. दुसरीचं काय झालं ते आम्हाला वास्तुशांतीच्या दिवशी कळलं. फाटकाशेजारी काळ्या दगडावर चकचकीत स्टीलची पाटी, तिच्यावर बिल्डरचं स्वतःचं आडनाव आणि पुढे हाइट्स. चार कोपऱ्यांना चार स्क्रू.

आत्या नवं लुगडं नेसून आली होती. पाटीसमोर उभी राहिली. वाचायला तिला वेळ लागायचा, पण नाव आईचं नाही हे कळायला नाही लागला. ती सरळ मांडवात गेली. बिल्डरचा माणूस पेढे खात होता.

"माझे आयचा नाव कुठं हाय?"

"आजी, नाव आहे ना कागदावर. हा नुसता ब्रँडिंगचा बोर्ड आहे."

"मंग तो काढ आनि नावाचा लाव."

"निघत नाही हो तो. सिक्युरिटी स्क्रू आहेत. आमच्याकडेसुद्धा त्याचं बिट नाही, फिटिंगवाले घेऊन येतात आणि घेऊन जातात."

थोरला भाचा मधे पडला. "आत्या, आज नको. आणि खरं सांगू का? नागूबाई नाव लावलं तर लोकांना वाटेल खाली खानावळ आहे."

दोघंतिघं हसले. बिल्डरचा माणूसही हसला. आत्या हसली नाही, चिडलीही नाही.

"मी काढला तं?" तिनं विचारलं.

"तुम्ही?" त्याच्या तोंडात पेढा होता. "तुम्ही काढलात तर खुशाल काढा, आजी. जे पाहिजे ते नाव लावा. माझी हरकत नाही."

आत्या मांडवातल्या लोकांकडे वळली. "ऐकला ना गो सगल्यांनी?"

मी म्हणाले, ऐकलं. माझ्याबरोबर आणखी बायका म्हणाल्या.

घाई होती, आणि का होती ते कोपरीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पत्ता पाटीवरून ठरत नाही, तोंडावरून ठरतो. कुरियरवाला, गॅसवाला आणि रिक्षावाले यांच्या जिभेवर एक नाव बसलं की ते देवाला उतरवता येत नाही. आणि हाइट्स हा शब्द जिभेवर लवकर बसतो.

दुसऱ्याच दिवशी आत्यानं उकड काढली. ठसा बाहेर आला तेव्हा मी शेजारी होते. मधे भोक होतं.

"टिकलीवाली," मी म्हणाले. "चांदणी."

"मोज," ती म्हणाली.

मी टोकं मोजली. सहा नव्हती. पाच होती. मी पुन्हा मोजली. माझ्या स्टोअरमध्ये शेकडो जातीचे स्क्रू आहेत, पाच टोकांचा टिकलीवाला एकही नाही. आत्यानं अंगणाच्या कडेला बघितलं, जुन्या घराच्या वेळची पाच पाकळ्यांची सदाफुली अजून तग धरून होती, तिच्याकडे.

"सदाफुली," ती म्हणाली. "टिकलीवाली सदाफुली."

मग शोध सुरू झाला. ठाण्याच्या बाजारात पहिल्याच दुकानदारानं ठशाकडे न बघता सहा टोकांचं बिट पुढे ठेवलं. आत्यानं ते त्याच्या काउंटरवर ठशाशेजारी उभं केलं.

"मोज."

"मावशी, सगळे सहाचेच येतात. तुमचं पीठ चुकलं असेल."

"माझा पीठ?" आत्या म्हणाली. पुढचं सगळं इथे लिहिता येणार नाही. त्या गल्लीत तिला पुढची बरीच वर्षं पिठवाली आजी म्हणायचे आणि ती आली की हातातलं काम खाली ठेवायचे.

नौपाड्यात एका जुन्या दुकानदारानं निदान भिंगातून बघितलं. पाच आहेत हे मान्य केलं, पण असं बिट त्यानं कधी ठेवलं नव्हतं. मी ठसा माझ्या डब्यातून, पोळीच्या वरच्या खणात, डोंबिवलीला नेला. आमच्या टूलरूममध्ये सगळे गोळा झाले, कौतुक केलं, आणि बिट कोणाकडेच निघालं नाही. बनवून देतो म्हणाले, पण इतक्या बारीक कामाला साहेबांची परवानगी लागली असती आणि साहेबांना काय सांगणार, की आमच्या आत्याला पाटी काढायची आहे? नवऱ्यानं मोबाइलवर बिटांची एक पेटी शोधली. आत्यानं चित्र बघितलं.

"याला ठसा लावून बघता येतो क?"

"नाही. आधी मागवायची."

"मंग नको. न बघता एकदा सासर घेतला होता."

धाकट्या भाच्याच्या मित्रानं सांगितलं, कशाला एवढं, ग्राइंडर आणतो, चार मिनिटांत डोकी उडवतो. मला तो उपाय पटला होता, मी तसं म्हणालेही. आत्यानं माझ्याकडे रोखून बघितलं.

"तोरला तं सकाली म्हनतील चोर आले. तोरायचा नाय. उघरायचा. खुशाल उघर म्हनलाय तो."

"सासरवाशिणीला खाच पाडलीस तेव्हा?" मी विचारलं.

"तिला रस्ताच नव्हता. याला हाय. याचा बिट कुठंतरी हाय."

दिवस जात होते. एका संध्याकाळी माझ्याच दारात रिक्षा थांबली आणि रिक्षावाला म्हणाला, "हाइट्स आलं, ताई." मी उतरले आणि आत्याला हे सांगायचं नाही असं ठरवलं. ती फाटकातच उभी होती. तिनं ऐकलं होतं.

ती वळली. आत गेली, उकडीचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि चौथ्या, अगदी खालच्या कोपऱ्यातल्या स्क्रूचा ठसा घ्यायला वाकली. एव्हाना त्याची काही गरज नव्हती, चारही सारखेच होते. हात काहीतरी मागत होते, एवढंच. रागानं दाबलेली गोळी घसरली आणि पाटीवर पिठाचा पट्टा ओढला गेला. ती पदरानं पुसायला लागली. चकचकीत भागावरचं पीठ निघालं. स्क्रूच्या खाली, कडेला, एका ओळीत मात्र पांढरं राहिलं.

"गो, इकरं ये. हे काय हाय?"

मी वाकून बघितलं. स्टीलवर केसाएवढी बारीक अक्षरं कोरलेली होती, इतकी बारीक की चकाकीत दिसत नव्हती. आता त्यांच्या पोटात पीठ बसलं होतं. पाटी बनवणाऱ्याचं नाव आणि खाली गाव: कल्याण.

आम्ही सगळे इतके दिवस स्क्रूकडे बघत होतो. पाटीकडे कोणी बघितलं नव्हतं.

"कोनीतरी केलाय," आत्या म्हणाली आणि पातेलं माझ्या हातात दिलं.

एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी आम्ही दोघी कल्याणला गेलो, विचारत विचारत, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला. लहानसा कारखाना, दारात अर्धवट कापलेली डॉक्टर-वकिलांची नावं. मी वाटेत ठरवत होते की मालकाला सगळी हकिकत सांगायची, विनंती करायची. आत्यानं मला बोलूच दिलं नाही. ती खुर्चीवर बसली.

"पाटी बनवायची हाय."

"बनवू की, आजी. काय नाव?"

"नागूबाय."

त्यानं लिहिलं आणि कागद आमच्याकडे फिरवला. नागूबाई.

"बाय," आत्या म्हणाली.

"शुद्धलेखनात बाई येतं."

"तुझे शुद्धलेखनानं हाक मारली होती क तिला? बाय. य. पुढं निवास नको, स्मृती नको, हाइट नको. नागूबाय."

त्यानं दुरुस्त केलं. माप विचारलं. आत्यानं पदराखालून सुतळी काढली. बिल्डरच्या पाटीची लांबी, रुंदी आणि स्क्रूंच्या मधलं अंतर, सगळ्यांना गाठी मारलेल्या. मग त्यानं स्क्रू कसले लावू विचारलं, आणि तिनं डबा उघडला. ओल्या फडक्यात ताजा ठसा.

"हे."

तो वाकला. बोट लावणार होता, आत्यानं डबा मागे घेतला. तो बघत राहिला आणि मग हसायला लागला.

"आजी, हे तुम्हाला कुठं भेटले? हे मी एका बिल्डरसाठी मुद्दाम मागवलेत. दुसरं कोणी मागत नाही."

"मना पन बिल्डरवानीच पायजेत. कोनाला काढता येऊ नयेत असे."

"खरंच निघत नाहीत हां. एकदा बसले की बिटाशिवाय निघत नाहीत."

"म्हनूनशान तं."

"मग तुम्ही एक बिट पण घेऊन ठेवा," तो कळवळून म्हणाला. "आणि जपून ठेवा, आजी. हरवलं तर पंचाईत होईल."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या डॉक्टरांचं अर्धं नाव वाचत बसले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

नवी पाटी तयार झाली त्या रविवारी सकाळी तिनं ती फाटकाशी भिंतीला टेकवून ठेवली, झाकून. लोक दूध घेऊन येतायत, पेपर घेऊन येतायत, अशी वेळ तिनं मुद्दाम निवडली होती. एका स्टुलावर ताट. हातात स्क्रूड्रायव्हरची मूठ, मुठीत बिट. तिनं ते पहिल्या स्क्रूत टेकवलं. टक असा अगदी लहान आवाज आला. नीट बसलेल्या बिटाचा आवाज मी रोज ऐकते, पण त्या दिवशी तो मी पुढे सरकून ऐकला.

स्क्रू फिरला. ताटात डावीकडे वर. दुसरा, उजवीकडे वर. तेवढ्यात थोरला भाचा खाली आला.

"आत्या! काय तमाशा चालवलाय? लोक बघतायत."

"बघू दे. तू पाटी धर."

"मी का धरू?"

"परली तं तुझे पायावर परंल."

तिसरा स्क्रू निघाला होता, पाटी कलायला लागली होती. त्यानं धरली. आपोआपच धरली, पडणारी वस्तू कोणीही धरतो. चौथा स्क्रू निघाला आणि बिल्डरचं नाव भाच्याच्या हातात आलं. आता ते खाली ठेवायचं तर कुठे, म्हणून तो ते छातीशी धरून उभा राहिला. आत्यानं नव्या पाटीवरचं फडकं काढलं.

बायकांमधून कोणीतरी मोठ्यानं वाचलं, "नागूबाय." मग आणखी कोणी. भाच्यानं मान तिरकी करून वाचलं. नागूबाय त्याची आजी, तिला त्यानं बघितलेलं होतं. खानावळीचं तो काही बोलला नाही. पाटी माझ्या नवऱ्याच्या हातात देऊन त्यानं नव्या पाटीची खालची बाजू उचलून धरली आणि म्हणाला, "आत्या, डावीकडून खाली आहे. जरा वर घे."

बिल्डरच्या माणसाचा फोन दुपारी आला. फोन भाच्यानंच घेतला. आम्ही ऐकत होतो. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, खुशाल काढा? पूर्ण मांडवानं ऐकलंय." आणि फोन ठेवला. जुनी पाटी चादरीत गुंडाळून बिल्डरच्या कचेरीत पोचती केली, चारही स्क्रू पुडीत बांधून तिच्याबरोबर. ताटात काही उरता कामा नये. पुडी आत्यानं स्वतः बांधली. बिट मात्र तिनं कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं.

आज कोपरीत स्टेशनबाहेर कुठल्याही रिक्षात बसा आणि नागूबाय म्हणा. एका मीठ ओढणाऱ्या बाईच्या नावानं ते तुम्हाला माझ्या दारात आणून सोडतील. मला याचा अभिमान आहे, आणि मी काही त्यांच्या घरातली नाही.

आत्या गेली त्याला आता काही वर्षं झाली. आजारपण थोडक्यात झालं. दवाखान्यातल्या पलंगाचा दांडा सैल आहे असं ती नर्सला सांगत होती आणि तो खरोखरच सैल होता. ती गेल्यावर भाच्यानं मिसळणाचा डबा मला आणून दिला, वर जुडग्यातलं ते एक बिट. "तिनं सांगितलं होतं," तो म्हणाला, "घरात ठेवू नका, तुमी हरवाल. स्टोरवालीला द्या."

गेल्या महिन्यात इमारतीला रंग द्यायचं काम निघालं. मी सध्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे रंगाच्या कंत्राटदाराची कटकट माझ्याकडे. तो फाटकाशी मला हाका मारत होता. खाली गेले तर पाटीसमोर दोन जण वेगवेगळे स्क्रूड्रायव्हर घेऊन घाम पुसत उभे.

"मॅडम, हा बोर्ड निघतच नाही. असला स्क्रू पहिल्यांदा बघतोय. याचं बिट असेल का कुणाकडे?"

"काढायचा कशाला?"

"मागचा रंग नीट बसेल. आणि मॅडम, नावात चूक आहे. बाईच्या जागी बाय झालंय. काढणारच आहोत तर फुकटात दुरुस्त करून आणतो."

आत्याचं ते बिट आता माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतं, आणि जुडगा माझ्या हातातच होता.

"चूक नाहीये," मी म्हणाले. "ब्रश आडवा धरा आणि कडेकडेनं मारा."